आजार गोंदवून घ्यावा का?

रिकामं_मनगट

मला ॲडिसन आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवत नाहीत, म्हणून ते रोज गोळीतून घ्यायचं, जन्मभर. एरवी सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही इतकी मी ठणठणीत असते. पण ताप चढला, अपघात झाला किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकेनाशी झाली, की शरीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल मागतं आणि माझी तिजोरी रिकामी. रक्तदाब कोसळतो. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, एक स्टेरॉइड) १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच मिळायला हवं, नाहीतर जीवही जाऊ शकतो.

मागच्या वर्षी तेच झालं. ऑफिसात उलट्या, मग बेशुद्ध. आजाराचं नाव कोरलेलं ब्रेसलेट घरी, कारण त्याखाली पुरळ उठलं म्हणून दोन दिवस काढून ठेवलं होतं. फोनच्या लॉक स्क्रीनवर सगळी माहिती भरलेली, पण फोनची बॅटरी संपलेली. सोबतच्या मुलाने इस्पितळात एवढंच सांगितलं, "मॅडम कसलीतरी गोळी घेतात." नवरा पोचला तेव्हा कुठे इंजेक्शन मिळालं.

तेव्हापासून डोक्यात आहे की हातावर गोंदवूनच घ्यावं. "ॲडिसन. स्टेरॉइड द्या." बस्स. घरात मतदान झालंय. नवरा विरोधात, मुलगी बाजूने, सासूबाई तटस्थ (म्हणजे विरोधात). तुमची मतं सांगा. "डॉक्टरांना विचारा" सांगू नका, विचारलंय. ते म्हणाले, "ब्रेसलेट घाला."

आडवा_प्रश्न

तुम्हाला जे भोगावं लागलं ते वाईटच. तरी माझं मत नाही. माहिती बदलते, शाई बदलत नाही.

पेनिसिलिनचंच घ्या. ॲलर्जीचे टॅटू काढणाऱ्यांत हे नाव हमखास असतं. अमेरिकेत दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि रीतसर तपासणी केली की त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ती नसतेच. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आलं, कुणीतरी शिक्का मारला, तो तसाच चालत आला. काहींना खरोखर होती, पण वर्षं गेली तशी मावळली. कागदावरचा शिक्का एका ओळीने खोडता येतो. हातावरचा खोडायला लेझरच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या. तोवर न्यूमोनिया झाला तर डॉक्टर तुमचा हात वाचून दुसऱ्या, कमी योग्य औषधाकडे वळणार.

रिकामं_मनगट

माझ्या ग्रंथी परत कामाला लागणार नाहीत हो. त्याबाबतीत बदलाची आशा मी केव्हाच सोडली आहे.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करतो. आधी आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, वाद नंतर.

बेशुद्ध माणूस आला की श्वासमार्ग, श्वास, नाडी, रक्तदाब. सोबत बोटाला टोचून साखर, ती प्रत्येकाचीच बघतो. साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, लोक फसतात, म्हणून हा नियम. त्यामुळे हातावर "मधुमेह" नसलं तरी उतरलेली साखर पाच मिनिटांत सापडते. रक्तगटाचं तर विचारूच नका. तुमच्या हातावर काहीही लिहिलेलं असो, नमुना घेऊन क्रॉसमॅच केल्याशिवाय, म्हणजे दोन्ही रक्तं जुळतात का बघितल्याशिवाय, आम्ही रक्त लावत नाही, आणि तेवढाही वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह, जे बहुतेक सगळ्यांना चालतं. रक्तगटाच्या टॅटूने मी आजवर एकही निर्णय बदललेला नाही.

ॲडिसनची गोष्ट वेगळी. रक्तदाब खाली, उलट्या, पोटात दुखतंय, हे चित्र पन्नास आजारांत दिसतं. सलाईनमागून सलाईन लावतो, बीपी हवं तसं वर येत नाही, आणि कॉर्टिसॉलची शंका यायला वेळ जातो. तेवढी एक ओळ दिसली तर तो वेळ वाचतो. मला विचाराल तर टॅटूला अर्थ आहे तो इथेच. जे आम्ही स्वतःहून पटकन शोधू शकत नाही आणि ज्याने पहिल्या तासातला उपचार बदलतो, तेच लिहावं. बाकी सगळी नक्षी.

झटपट

क्यूआर कोड गोंदवा ना! स्कॅन केला की पूर्ण फाइल. माहिती बदलली तर फाइल बदला, शाई तशीच.

रात्रपाळी

चार-पाच वर्षांत शाई पसरते, चौकोन एकमेकांत मिसळतात. स्कॅन झालाच तर वेबसाइट चालू पाहिजे. आणि हातात रक्ताळलेले मोजे असताना मी फोन काढणार नाही.

जुनी_वही

थोडं अवांतर, पण रक्तगटाचा विषय निघालाच आहे म्हणून. हा प्रयोग सरकारी पातळीवर होऊन गेलाय. १९५२ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीत शाळकरी मुलांच्या बरगडीवर रक्तगट गोंदवले होते. अणुबाँबची धास्ती होती. हल्ला झालाच तर रक्तदाते पटापट ओळखता यावेत ही कल्पना. जागा बरगडीची, कारण स्फोटात हात-पाय शिल्लक राहतीलच असं नाही! (हे नियोजन करणारे रात्री झोपत कसे असतील?) ते लोण काही देशभर पसरलं नाही. गोंदवलेल्या अक्षराच्या भरवशावर रक्त चढवायला डॉक्टर तयार नव्हते, म्हणजे रात्रपाळी म्हणतायत तेच.

त्याआधी नाझींच्या वाफेन एसएस या सशस्त्र दलात डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रक्तगट गोंदवायचे. युद्धानंतर त्याच खुणेवरून हे लोक ओळखून पकडले गेले. जीव वाचवायला काढलेली खूण गळ्याशी आली.

पूर्ण_बाही

जुनी_वही यांचा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. खूण वाचणारा प्रत्येक वेळी डॉक्टरच असतो असं नाही.

मला एपिलेप्सी आहे. नोकरीच्या मुलाखतीत हात पुढे केला आणि समोरच्याने मनगट वाचलं, तर पुढचे प्रश्न कामाचे राहणार नाहीत. ब्रेसलेट मी मुलाखतीला जाताना खिशात टाकतो. ते काढता येतं हा त्याचा दोष तुम्ही सांगितलात. माझ्यासाठी तोच त्याचा गुण आहे. आजार कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, एवढं तरी माझ्या हातात राहू दे.

रिकामं_मनगट

हे पटतंय. एपिलेप्सीकडे लोक ज्या नजरेने बघतात तसं ॲडिसनकडे बघत नाहीत, कारण ॲडिसन म्हणजे काय हेच कुणाला माहीत नसतं. माझ्या हातावर वाचलं तर लोकांना बॉयफ्रेंडचं नाव वाटेल.

डावा_हात

मी काढून घेतलाय, म्हणून लिहिते. स्तनाच्या कर्करोगात डाव्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या. हाताला सूज येऊ नये म्हणून त्या हातात सुई नको, बीपीचा पट्टा नको असं सांगितलं होतं. भुलीत असताना हे कोण सांगणार? म्हणून त्याच हातावर लिहून घेतलं. रेडिएशनच्या वेळी छातीवर नेम धरायला ठिपके गोंदवले होतेच. म्हटलं, तुम्ही तुमच्या सोयीसाठी माझ्या अंगावर खुणा केल्यात, आता एक माझ्या सोयीची. काढला त्या दिवशी फार बरं वाटलं. ते वैद्यकीय कारण नाही हे मला कळतं.

आडवा_प्रश्न

डावा_हात, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक बोलतो. त्या "सुई नको" नियमाबद्दल हल्ली डॉक्टरांत पूर्वीइतकं एकमत राहिलेलं नाही. धोका वाटायचा तेवढा नसावा, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो. नियम हलला, हात तिथेच.

दुसरं. हातावर लिहिलेलं खरं आहे हे डॉक्टरने कशावरून मानायचं? २०१७ मधली मायामीची केस बघा. सत्तर वर्षांचा माणूस बेशुद्ध आणला, सोबत कुणी नाही. छातीवर गोंदवलेलं "डू नॉट रिससिटेट", म्हणजे हृदय थांबलं तर पुन्हा चालू करू नका. त्यात "नॉट"खाली रेघ, खाली सही. डॉक्टरांनी आधी ते बाजूला ठेवून उपचार सुरू केले, कारण चूक झाली तर दुरुस्तीला माणूसच उरत नाही. मग नीतिविषयक सल्लागारांना बोलावलं. ते म्हणाले, ही त्याची खरी इच्छा आहे असं धरून चाला. पुढे त्याचं रीतसर कागदपत्रही सापडलं, आणि त्याच्या इच्छेप्रमाणेच तो गेला.

आता २०१२ मध्ये छापून आलेली दुसरी केस. याच्या छातीवर "डीएनआर", त्याच "डू नॉट रिससिटेट"चं लघुरूप. विचारलं तर म्हणतो, मला वाचवा की! तरुणपणी पोकरमध्ये पैज हरलो म्हणून काढला होता, कुणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. दोन्ही छात्या शेजारी ठेवा आणि सांगा, कुठली खरी?

रिकामं_मनगट

आडवा_प्रश्न, केसेस चांगल्या काढल्यात, पण त्या माझ्या विरोधात जात नाहीत. ते टॅटू म्हणतात, "उपचार करू नका." चुकीचा वाचला तर माणूस मरतो. तुमचा पेनिसिलिनवालाही "देऊ नका"च म्हणतो. माझा म्हणतो, "द्या." समजा मी पैज हरून काढलाय, मला ॲडिसन नाहीच. तरी इंजेक्शन दिलं. मग काय होईल?

रात्रपाळी, हे तुम्हीच सांगा.

रात्रपाळी

एका डोसने सहसा काही होत नाही. फार तर साखर थोडा वेळ चढेल, झोप लागणार नाही. उलट खरोखर ॲडिसन असताना थांबलो तर रुग्ण हातातून जाईल. म्हणून नुसती शंका असली तरी रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन द्या, असंच आम्हाला शिकवतात.

"डीएनआर" छातीवर दिसलं तर मी कागद शोधीन, नातेवाइकांना फोन लावीन आणि तोवर उपचार चालू ठेवीन. "स्टेरॉइड द्या" दिसलं तर आधी देईन, मग चौकशी.

आडवा_प्रश्न

ठीक. "द्या" आणि "देऊ नका" यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. टॅटू सर्रास पसरावेत याला मात्र विरोध कायम. आज तुमच्या एका ओळीला अर्थ आहे. उद्या लोक व्हिटॅमिनची कमतरता गोंदवतील, आणि मग रात्रपाळींसारखे लोक हात वाचायचंच सोडून देतील. ब्रेसलेटचं बरं असतं, त्यावरचं चिन्ह बघायची सवय झालेली आहे. कॅलिफोर्नियात एका डॉक्टरच्या मुलीचा धनुर्वाताच्या प्रतिविषाच्या चाचणीने जीव जायची वेळ आली, त्यातून १९५६ मध्ये अशी ब्रेसलेट देणारी मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. इतक्या वर्षांत मनगट आणि गळा बघायचा हे रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या अंगवळणी पडलं. टॅटूवाल्यांचा हात दिसला की ती आधी फुलपाखरंच समजणार.

रात्रपाळी

फुलपाखराचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून काढणारच असाल तर, रिकामं_मनगट, चार गोष्टी. नक्षी, वेलबुट्टी काही नको. साधी, ठळक, मोठी अक्षरं, इंग्रजीत, म्हणजे परदेशातही वाचता येतील. लघुरूप नको. आणि मनगटाच्या अगदी आतल्या बाजूला नको. लोकांना ती जागा हमखास सुचते, पण तिथेच सुई आणि चिकटपट्टी येते, तुमची ओळ पट्टीखाली जाईल. मनगटाच्या घडीपासून चार बोटं वर घ्या. नाडी बघताना नजर तिथे जातेच. गोंदवण्याच्या दिवशी गोळी वाढवायची का, हे तुमच्या एंडोक्राइनवाल्यांना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, आधी विचारा. आणि ब्रेसलेट सोडू नका.

पूर्ण_बाही

चार बोटं वर म्हणजे पूर्ण बाहीत झाकलं जातं. हे मला आधी सुचायला हवं होतं, नावच ते घेऊन बसलोय. तरी मी काढणार नाही.

रिकामं_मनगट

रविवारची वेळ घेतली आहे. एंडोक्राइनवाल्या बाईंना सांगितलं, त्यांनी डोस सांगितला आणि "बघू द्या मला नंतर" म्हणाल्या. नवऱ्याचा विरोध आता फक्त अक्षरांच्या वळणाला उरलाय.

आडवा_प्रश्न

आणि ब्रेसलेट?

रिकामं_मनगट

घातलंय. पुन्हा पुरळ उठलंय.