शुगर निघाली की सी-पेप्टाइड: सरसकट कशाला?

रावेरचा केळीवाला: आमच्याकडे हल्ली शुगर निघाली की तपासण्यांच्या पॅकेजातच सी-पेप्टाइड लावून देतात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन किती बनवतं ते सांगणारी रक्ततपासणी. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, आईबापाला शुगर. त्याला टाइप २ म्हणायला हा आकडा कशाला? तेच पैसे लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा तपासायला लावा.

भुसावळकर: पोट सुटलेल्याचं ठीक. काटकुळे शुगरवाले आपल्याकडे कमी आहेत का भो? वर्षानुवर्षं गोळ्या वाढवतात नि निघतो टाइप १, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरत जाणारा. स्वादुपिंडात इन्सुलिनचं कच्चं रूप, प्रोइन्सुलिन, तुटलं की इन्सुलिनच्या एका रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. निम्मं इन्सुलिन पहिल्याच फेरीत लिव्हर गिळतं, सी-पेप्टाइडला ते हात लावत नाही. टोचायच्या इन्सुलिनमध्ये ते नसतंच. त्यामुळे इंजेक्शन चालू असलं तरी स्वादुपिंडाची स्वतःची कमाई कळते.

केळीवाला: मग निवडकांनाच करा ना! आणि टाइप १ मध्येही सुरुवातीला थोडं इन्सुलिन बनत असतं. तेव्हा जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच त्या पेशींवर उलटल्याची रक्तातली खूण, जास्त कामाची. तीनेक वर्षांनी सी-पेप्टाइड लिटरमागे ०.२ नॅनोमोलच्या खाली गेलं, तर बोला.

अमळनेरची लॅबवाली: नुसता आकडा वाचूच नका, त्याच वेळची शुगर सोबत हवी. शुगर ४०० असताना इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दबलेल्या असतात, शुगर उतरल्यावर तोच आकडा वर येऊ शकतो. किडनी अधू असेल तर सी-पेप्टाइड रक्तात साचतं आणि स्वादुपिंड ठणठणीत वाटतं. शिवाय नळी. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत ते खोलीच्या तापमानाला २४ तास टिकतं, साध्या नळीत तशी खात्री नाही. मे महिन्यात जळगावच्या बसमधून आलेल्या नळीला कुठली खोली लागू करायची, ते सांगा.

धुळ्याचा मास्तर: तुम्ही त्याला फक्त मोजपट्टी समजताय. १९६७ मध्ये संशोधक स्टायनरनी प्रोइन्सुलिन दाखवलं, तेव्हापासून बरीच वर्षं हा तुकडा टाकाऊच मानला गेला. स्वीडनचे संशोधक जॉन वारेन यांनी उलटं दाखवलं: पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप आणि रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड, दोन्ही त्यानं चाळवतात. टाइप १ च्या रुग्णांना थोडे दिवस दिलं तर नसा नि किडनीचं काम सुधारलेलं दिसलं. इन्सुलिनसोबत तेही द्यायला हवं.

भुसावळकर: मास्तर, २०१६ ची चाचणी वाचा की. त्याच वारेन यांची, ५२ आठवड्यांची, दीर्घकाळ टिकणाऱ्या सी-पेप्टाइडची. नसांमधून संदेश जायचा वेग प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सुधारला नाही.

मास्तर: पायाला कंपन कळणं सुधारलं, ते गाळलंत! आणि टाइप १ वरच्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीत ज्यांचं सी-पेप्टाइड शिल्लक होतं, त्यांचे डोळे जास्त वाचले.

केळीवाला: ते जिवंत बीटा पेशींचं पुण्य असेल. श्रेय त्या तुकड्याला का? पेशीवर तो जिथे जाऊन चिकटेल असा, सर्वांना पटणारा रिसेप्टरसुद्धा सापडलेला नाही. औषध म्हणून राहू द्या, आधी पॅकेजातून काढा.

मास्तर: पॅकेजातून काढा, हरकत नाही. पण गोळ्यांनी न उतरणाऱ्या काटकुळ्या माणसाच्या कागदावर मी ते लिहून घेणारच.

लॅबवाली: सोबत शुगर आणि किडनीचं क्रिएटिनिनही लिहून घ्या. आणि नळी जांभळीच.