आयता डेटा आणि मे महिन्यातलं ईईजी

इथले मेंदू-संशोधनाचे गट दुसऱ्यांनी नोंदवलेला आयता डेटा नुसता उतरवून लॅपटॉपवर आलेख काढतात, असं एक मत ऐकलं; ते अर्धंच पटलं. तसं काम चालतं, खरंच चालतं. पण नागपुरात एम.टेक. करताना आमच्या गटात आम्ही ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, स्वतः घ्यायचो, आणि त्यात जे शिकलो ते कुठल्याही फाईलमधून शिकलो नसतो.

डोक्याच्या कातडीवर मिळणारा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग), हृदयाच्या ईसीजीपेक्षा कितीतरी लहान. मे महिन्यात कूलर लावला की विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण पडद्यावर जाड पट्ट्यासारखी उभी राहायची. बंद केला की दहा मिनिटांत समोरच्याच्या कपाळावर घाम, आणि सगळ्या रेषा हळूहळू वर-खाली तरंगायच्या. शेवटी सकाळी ७ लाच रेकॉर्डिंग ठेवू लागलो. एक मुलगी आदल्या रात्री आईच्या हातून डोक्यावर भरपूर तेल घालून आली होती. अर्धा तास इलेक्ट्रोडखाली (सिग्नल टिपणाऱ्या चकत्यांखाली) जेल भरून, कातडी घासूनही इम्पीडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली येईना. तेव्हापासून 'केस धुऊन या, तेल नको' हे आदल्या दिवशी फोन करून सांगायचो. असा गोंगाट नंतर फिल्टरनं बराच निघतो, पण मेंदूच्या सिग्नलवरून अर्धांगवायूच्या रुग्णाचा हात हलवणाऱ्या यंत्राला तो सिग्नल त्याच क्षणी लागतो, तिथे मूळ नोंदच स्वच्छ हवी. म्हणून नवीन मुलांना आधी इलेक्ट्रोडची टोपी चढवायला बसवावं, कोड नंतर.