बी-१७जी: फ्लॅक (विमानविरोधी तोफांचा मारा) लागून परतणारं विमान, १/४८ मॉडेल

नौपाडा_४८ (ठाणे): दुसऱ्या महायुद्धातलं हे अमेरिकन बॉम्बर बॉम्ब टाकून इंग्लंडला परतताना दाखवायचंय. ३ नंबरचं इंजिन बंद, ८८ मिमी गोळ्याच्या कपच्या लागलेल्या. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरची यंत्रणा) गेलं म्हणून एक चाक लोंबतं ठेवू का? भोकं कशी करू? आणि या पावसात लॅकर पांढरा पडतोय.

वाशी_हँगर: चाक लोंबतं नको. बी-१७ ची चाकं विजेच्या मोटरने, स्क्रूवर वरखाली होतात. वीज गेली तर आहेत तिथेच राहतात, मग हँडल फिरवून उतरवायची. हायड्रॉलिक गेलं तर ब्रेक जातात, म्हणजे खरी पंचाईत धावपट्टीवर. चाकं आतच ठेवा, मिटल्यावरही अर्धी दिसतात.
३ नंबर म्हणजे उजवीकडचं आतलं. पंख्याची पाती फेदर (धार वाऱ्याकडे वळवलेली), काउल फ्लॅप (इंजिन गार ठेवायच्या झडपा) बंद. रडर (शेपटीचं सुकाणू) किंचित डावीकडे, त्याचा ट्रिम टॅब (मागच्या कडेची छोटी पट्टी) मात्र उजवीकडे. हे हमखास उलटं होतं.

नेरुळ_रिव्हेट: फेदर करायचं का, हे आधी ठरवा. पाती वळवायला तेल लागतं आणि ते त्याच इंजिनचं. कपचीने तेलाची टाकी फोडली आणि फेदरचं बटण दाबायला उशीर झाला, तर पंपाला ओढायला काही उरत नाही. पंखा वाऱ्यावर गरगरत राहतो, विमानाला मागे खेचतो, कधीकधी निखळतोही. त्यामुळे नॅसेल (इंजिनचं आवरण) तेलाने पूर्ण माखलेलं दाखवणार असाल, तर पंखा फिरता जास्त पटतो.
भोकांसाठी गोळा कुठे फुटला ती एक जागा ठरवा, सगळी भोकं त्याच दिशेने. १५ सेंमीचं भोक या मापात जेमतेम ३ मिमी, बाकीची १ मिमीच्या आत, विखुरलेली. प्लास्टिक आतून बरने (छोट्या ड्रिलच्या घासणाऱ्या टोकाने) कागदाइतकं पातळ करा, मग सुई. कपची शिरली तिथे कडा आत, निघाली तिथे बाहेर आणि जास्त फाटलेल्या. त्या फाटक्या पाकळ्यांना पोळ्या गुंडाळायची फॉइल छान बसते.

वाशी_हँगर: लॅकरचं कारण दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं. रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर मिसळा, हलके हात मारा. पांढरं पडलेल्या जागी नुसत्या रिटार्डरचा बारीक फवारा बहुतेक वेळा पुरतो.

नौपाडा_४८: कमरेच्या खिडकीतल्या मशीनगन ठेवू?

नेरुळ_रिव्हेट: किनारा गाठलेला असेल तर काढा. उंची टिकेना झाली की वजन कमी करायला गन आणि गोळ्यांचे पट्टे बाहेर फेकत.