कडू दुधी, रुसलेले अहो आणि डबाभर चोथा

पोळपाट_लाटणं:

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचत असते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरात दोन दिवस अबोला आहे आणि त्याला कारण आहे दुधी.

आमचे हे मार्चअखेर निवृत्त झाले. एप्रिलात सगळ्या तपासण्या केल्या, त्यात एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२ आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, चाला, भात कमी करा, तीन महिन्यांनी या. रसाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. रस आला तो सकाळच्या फिरण्यातून. बागेच्या फाटकाशी एक जण स्टीलच्या डब्यांतून दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर असले रस घेऊन बसतो, आणि ह्यांचा पाच जणांचा कट्टा रोज तिथे ग्लास रिकामे करतो. "बाहेरचं पाणी कसलं असेल कोण जाणे," असं एकदा मीच बोलून गेले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. चौथ्या दिवशी घरात साडेनऊ हजारांचं मशीन! हळू फिरतं, तापत नाही, म्हणून जीवनसत्त्वं मरत नाहीत म्हणे.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला घर्रर्र. हे रस काढतात, पितात, ओठ पुसतात आणि फिरायला जातात. मागे ओट्यावर सात सुटे भाग माझी वाट बघत असतात. त्यातली ती बारीक जाळीची गाळणी! गाजराचा तंतू एकदा त्या भोकात वाळला की नखाने निघत नाही. सोबत आलेल्या ब्रशने घासायचं, उजेडाकडे धरून बघायचं, परत घासायचं. एकदा चिडून काट्यावर मोजलं. अर्धा किलो गाजरं, रस जेमतेम पाव लिटर, बाकी सगळा चोथा. फ्रीजमध्ये चोथ्याचे तीन डबे झालेत.

आता मूळ भांडण. मंगळवारी दुधी चिरताना मी सवयीने फोड जिभेला लावली. आईची सवय, काकडी-दुधी चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही. तर जहर कडू! मी थुंकून टाकलं. हे म्हणाले, "कारलं काय गोड असतं? कडू तेच गुणकारी." आणि तोच दुधी मशीनमध्ये घालायला निघाले, वर आवळा आणि आलं घातलं की कळणारही नाही म्हणे. मी हातातून घेऊन केराच्या डब्यात टाकला. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या हातातलं काही हिसकावून घेतलं नव्हतं. तेव्हापासून मौनव्रत.

मी चुकले का? शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो, तो मशीनचा दोष का? चोथ्याचं काय करू? आणि ह्या सगळ्याने साखर खरंच उतरते का?

खलबत्ता:

ताई, बाकीचं नंतर. दुधी टाकलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. मी छत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढली आहेत, तेव्हा हे जरा लांबण लावून सांगतो. अहोंनाही वाचायला द्या.

काकडी, दुधी, दोडका, भोपळा ही सगळी एकाच कुळातली. किडा-जनावराने खाऊ नये म्हणून ह्या वेली कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड वाण निवडत आलो म्हणून बाजारातल्या दुधीत ती नगण्य असतात. पण एखाद्या वेलीत ती वाढतात, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. हिरवागार, कोवळा, लव असलेला दुधीसुद्धा कडू निघू शकतो. कळायचं साधन एकच, जीभ. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे. दुधीचा कडूपणा हा बिघाड आहे. ह्या दोहोंत गल्लत करू नये.

असा रस पोटात गेला की थोड्याच वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. जास्त झालं तर उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा म्हणून नेमकं औषध नाही, सलाइन लावून माणूस सांभाळायचा एवढंच हातात असतं. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा रस पिऊन दगावले. रोज पिणारे होते, त्या दिवशी कडू लागला तरी प्यायले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने सांगितलं ते तुमच्या आईने सांगितलं तेच: आधी फोड चाखा, कडू असेल तर फेकून द्या. आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. का, ते अहोंच्या वाक्यातच आहे. आवळा-आल्याने "कळणारही नाही", हाच तर धोका.

शिजवून भाजी केली तर चालेल का, असं कोणीतरी विचारेलच. नाही. ही द्रव्यं शिजवून जात नाहीत.

बहार_धरणारा:

ताई, मोसंबीचं मी सांगतो. जालन्याकडं आमची मोसंबीची दोनशे ऐंशी झाडं हायेत, न्यूसेलर जातीची. मशीनचा काही दोष नाही.

मोसंबीच्या बियांत आणि फोडीवरल्या पांढऱ्या सालीत एक द्रव्य असतं, ते आहे तसं कडू नसतं. पण फळ पिळलं, चिरडलं की रसातल्या आंबटपणानं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, अन्‌ लिमोनिन कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो अन्‌ तासाभरानं तोंड वाकडं होतं. रसवाला गिऱ्हाइकासमोरच पिळून देतो, त्यामागं हे पण आहे. तुमच्या मशीनमध्ये फोडी बियांसकट जात असतील तर कडू होणारच. बिया काढा, पांढरं होईल तेवढं सोला, अन्‌ काढला की लगेच प्या. ठेवायचा असला तर काढूच नका.

अजून एक. गिऱ्हाईक पिवळीधमक मोसंबी मागतं. आंबे बहाराचं, म्हंजी जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलाचं, फळ पावसाळा सरता सरता येतं, तवा ते हिरवटच असतं अन्‌ आतून रसानं भरलेलं असतं. साल पातळ अन्‌ हाताला जड लागली की घ्या, रंग बघू नका. आमच्या घरात रस कुणी पीत नाही बरं का. बांधावर बसून सोलून खातात. रस पाहुण्याला.

सांगलीची_भाकरी:

"चोथ्याचे तीन डबे" वाचून हसू आवरेना. काकू, राग मानू नका, पण जे खायचं ते तुम्ही डब्यात ठेवताय आणि जे रंगीत पाणी आहे ते काका पिताहेत.

गाजराचा चोथा ओला असतानाच भाजणीत मिसळा. दोन वाट्या भाजणीला एक वाटी चोथा, कांदा, तीळ, ओवा, तिखट. पाणी एकदम कमी घाला, नाहीतर थालीपीठ फडक्यावरून उचलताना फाटतं (मी केलंय). बिटाचा चोथा कणकेत, पोरं गुलाबी पराठे म्हणून उड्या मारत खातात. फ्रीजमध्ये दोन दिवसांवर ठेवू नका, आंबूस वास मारतो. तुमचा सगळ्यात जुना डबा आता झाडांनाच.

खरं सांगू? मी मिक्सरचं साधं भांडं वापरते. काकडी, पुदिना, जिरं, चिमूट सैंधव, ताक. फिरवायचं, गाळायचं नाही, प्यायचं. घासायला एक भांडं. आणि गाजराची कोशिंबीर करून वर फोडणी दिली की झालं. गाजरातलं जीवनसत्त्व अंगी लागायला तेल-तूप लागतंच, ते फोडणीतून आपोआप जातं.

एकटा_जीव:

थोडं गंभीर लिहितो. माझ्या आईची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी चालतात. तिला कोणीतरी "रक्त वाढेल" म्हणून बीट-पालक-टोमॅटोचा रस सुरू करून दिला. तीन आठवड्यांनी रक्तात पोटॅशियम इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी त्याच दिवशी भरती करून घेतलं. जेवणात माणूस एक बीट खातो. रसात तीन बिटं आणि पालकाची अर्धी जुडी एका घोटात जाते. बीट-पालकात ऑक्झलेटही भरपूर, मुतखड्याची सवय असेल त्यांनी जपावं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचे रस डॉक्टरांना न विचारता एकदम वाढवू नयेत, गोळीचा हिशेब चुकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कमरख तर तोंडातही घालू नये.

काकांची क्रिएटिनीनची (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी) तपासणी झाली असेलच, एकदा आकडा बघून घ्या. आणि बिटाचा रस घेतल्यावर लघवी लाल दिसली तर घाबरू नका, काहींना होतं तसं. आमच्याकडे त्यावरून मध्यरात्री रिक्षा काढली होती.

रोज_एक_ग्लास:

सगळे मिळून त्या बिचाऱ्या काकांना झोडपताय. मी सहा वर्षं रोज सकाळी आवळ्याचा रस घेतो. दोन आवळे, पाणी, किंचित मीठ. त्रास शून्य. माणूस निवृत्त झाला की त्याला सकाळी उठून काहीतरी *करायला* लागतं हो. रस नसता तर शेअर बाजार असता.

खलबत्ता:

आवळ्याला कोण नको म्हणतंय? दोन आवळ्यांत साखर ती किती असणार. प्रश्न फळांच्या रसाचा आहे. संत्र्या-मोसंबीच्या मोठ्या ग्लासात चारपाच चमचे साखर असते, वरून एक कणही न घालता. फळ खाल्लं तर तीच साखर चोथ्यासकट, चावत चावत, हळू जाते. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते, मग रस घरी काढलेला का असेना. ताई, घरी ग्लुकोमीटर असेल तर वाद कशाला, मोजून बघा.

आणि कारल्याचा रस साखरेच्या गोळीबरोबर घेणाऱ्यांनी सांभाळून. साखर नको इतकी उतरलेली गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीवर बसलेली पाहिली आहेत.

पोळपाट_लाटणं:

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण मोजत होतो.

खलबत्ताकाकांचा पहिला प्रतिसाद मी छापून चहाच्या कपाखाली ठेवला. ह्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, म्हणाले, "दिल्लीचे ते गृहस्थ शास्त्रज्ञ होते?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे." काय ठीक आहे ते विचारलं नाही. अबोला सुटला एवढं पुरे.

ग्लुकोमीटर सासूबाईंच्या वेळचा होता, पट्ट्या नव्या आणल्या. रविवारी उपाशीपोटी १०४. चार मोसंब्यांचा रस घेऊन तासाभराने १७३. सोमवारी उपाशीपोटी १०६, त्याच वेळी दोन मोसंब्या सोलून खाल्ल्या, तासाने १३८. ह्यांनी लगेच हरकत घेतली की चाराला दोन ही तुलना बरोबर नाही. खरंच नाही. म्हणून मंगळवारी चार सोलून पुढ्यात ठेवल्या. तिसरीवर म्हणाले, "आता नको, पोट भरलं." मी काही बोलले नाही. चौथी मी खाल्ली.

एकटा_जीव, क्रिएटिनीन व्यवस्थित आहे. आईंना जपा. बहार_धरणारे दादा, काल बाजारात ह्यांनी प्रत्येक मोसंबी तळहातावर तोलून बघितली, फळवाला वैतागला. सांगलीच्या ताई, थालीपीठ पहिलं फाटलं, दुसरं जमलं.

बागेतल्या कट्ट्यावर आता हे दुधी चाखायचं प्रवचन देतात. स्वतःचा शोध असल्यासारखं.

मशीन द्यायचं आहे. दोन महिने वापरलेलं, सातही भाग शाबूत, खोका आहे. डोंबिवली पूर्व, स्वतः येऊन न्यावं लागेल. ब्रश मात्र मिळणार नाही, पाण्याच्या बाटल्या धुवायला तो फार छान आहे.