लहान बांधकामाला छापील करारनामा हवा, की दोन पानांत भागतं? (चर्चा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत.)

चौकट :
40-50 लाखांचा बंगला किंवा 8-10 लाखांचं फ्लॅटचं नूतनीकरण, आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात जेमतेम दोन-तीन माणसं. अशा कामांनाही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा छापील मालक-ठेकेदार करारनामाच वापरा, असा आग्रह बरेच जण धरतात. मला तो पटत नाही.

त्या करारनाम्याची खरी ताकद शेवटच्या परिशिष्टात आहे. काम पूर्ण करायची तारीख, उशिराची भरपाई, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायची रक्कम) किती टक्के, दोषदुरुस्तीचा काळ, काम चालू असताना किमान किती रकमेचं बिल घ्यायचं, प्रमाणित बिल किती दिवसांत चुकतं करायचं, हे सगळं तिथे भरायचं असतं. लहान कामात सह्या सगळ्या पानांवर होतात आणि नेमकं हेच पान कोरं राहतं. मग वाद झाला की आधीची पन्नास कलमं असून नसून सारखीच. त्यापेक्षा मालकाला दोन पानांचं नेमणूकपत्र, ठेकेदाराला दोन पानांची वर्क ऑर्डर. सोप्या मराठीत, दोघांना समोर बसवून वाचून दाखवलेली. माणूस वाचतो तेच पाळतो.

मोजवही :
परिशिष्ट कोरं राहतं हा ते भरणाऱ्याचा दोष आहे, करारनाम्याचा नाही. तुमच्या दोन पानांत मोजमापाचा नियम कुठे बसवणार?

गिलाव्याचंच घ्या. आयएस 1200 या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे 0.5 चौरस मीटरपर्यंतचं उघडं (दार-खिडकीची मोकळी जागा) वजा करायचं नाही. 0.5 ते 3 चौरस मीटरमधलं, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूने वजा करायचं. त्याहून मोठं दोन्ही बाजूंनी वजा, पण मग कडांचा गिलावा धरायचा. आता घरात 3 बाय 7 फुटांची 8 दारं आणि 4 बाय 4 च्या 10 खिडक्या धरा. उघड्यांचं क्षेत्र 328 चौरस फूट. ठेकेदार म्हणतो वजावट शून्य, मालक म्हणतो दोन्ही बाजूंची, म्हणजे 656. चौरस फुटाला 60 रुपये धरले तरी 39,360 रुपयांचा फरक, आणि तोही एकट्या गिलाव्यात. ‘मोजमाप आयएस 1200 प्रमाणे’ ही एक ओळ नसेल तर हा वाद सुटत नाही. एक्स्ट्रा आयटमचा, म्हणजे करारात नसलेल्या वाढीव कामाचा, दर कसा काढायचा, हे दुसरं. छापील नमुन्यात या दोन्हींची सोय आधीच विचारपूर्वक केलेली असते. घरगुती पत्रात दर वेळी काहीतरी सुटतं.

ठेकेकरी :
मोजवही साहेब, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो बाबवार दराच्या, म्हणजे प्रत्येक बाबीला वेगळा दर असलेल्या कामाचा. तालुक्याच्या गावात बंगले बाबवार दराने घेतो कोण? तिथे भाव स्लॅबच्या चौरस फुटावर ठरतो आणि छापील करारनामा या पद्धतीला लागूच पडत नाही. भांडणं होतात ती अशी: बाल्कनी अर्धी धरायची की पूर्ण? जिन्यावरची हेडरूम धरायची का? जोतं 2 फुटांऐवजी रस्त्यामुळे साडेतीन फूट घ्यावं लागलं, तो भराव कोणाचा? खोदताना मुरमाऐवजी कातळ लागला तर ब्रेकरचं भाडं कोणी द्यायचं? कंपाउंड भिंत, सेप्टिक टँक, वरची टाकी भावात आहे की बाहेर?

या प्रश्नांची उत्तरं एका पानावर ‘भावात आहे’ आणि ‘भावात नाही’ अशा दोन रकान्यांत लिहिली की निम्मी कटकट संपते. टाइलचा मूळ दरही तिथेच लिहा. ‘45 रुपये चौरस फूट, फक्त टाइल, बसवणं वेगळं’ असं स्पष्ट. ‘चांगल्या प्रतीची टाइल’ या शब्दांना काडीचा अर्थ नाही.

वकिली_नजर :
नमुना छापील घ्या किंवा घरचा, पण जुन्या नमुन्यातलं लवादाचं कलम वाचल्याशिवाय पुढे नेऊ नका. वादाचा अंतिम निवाडा आर्किटेक्टनेच करायचा, अशी वाक्यं अजून प्रतीवरून प्रतीत उतरत आहेत. लवाद कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर ज्याचा एखाद्या पक्षाशी व्यावसायिक संबंध आहे, तो लवाद होऊ शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी सूट दिली तरच अपवाद. मालकाकडून फी घेणारा आर्किटेक्ट सरळ त्यात बसतो. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन आर्किटेक्ट्सच्या प्रकरणात आणखी पुढचं सांगितलं: निकालात ज्याचं हित गुंतलंय त्याने एकट्याने एकल लवाद नेमायचाही नाही. तेव्हा बिल प्रमाणित करणं आर्किटेक्टकडे ठेवा, निवाडा ठेवू नका.

दुसरं, उशिराचा दंड. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तेवढी मिळेलच असं नाही. न्यायालय वाजवी भरपाई देतं. शिवाय मुदतवाढीचं कलमच नसेल आणि मालकाने टाइल निवडायला महिना लावला, तर ठरलेली तारीख डळमळते आणि तिच्यासोबत दंडही. चौकट यांच्या दोन पानांत मुदतवाढीच्या तीन ओळी असायलाच हव्यात: कारण काय, किती दिवसांत लेखी कळवायचं, मंजूर कोण करणार.

आणि 100 रुपयांचा स्टॅम्प विसरा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून तिथे 500 लागतात. बांधकामाच्या कंत्राटाला मुद्रांक शुल्काच्या यादीत वेगळी नोंद आहे, तिचा दर रकमेप्रमाणे तपासून घ्या.

नवी_फर्म :
सगळे ठेकेदाराच्या करारावर बोलताहेत. लहान ऑफिस बुडतं ते मालकाबरोबरच्या करारात. नेमणूकपत्रात ‘देखरेख’ हा एकच शब्द लिहिला की मालक समजतो, आर्किटेक्ट रोज साइटवर. वास्तुकला परिषदेच्या अटींमध्ये ठरावीक काळाने पाहणी आणि सततची देखरेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सततची देखरेख हवी असेल तर मालकाने त्यासाठी वेगळा माणूस नेमायचा. म्हणून आकडा लिहा: आठवड्याला एक भेट, शिवाय पायाची आखणी आणि प्रत्येक स्लॅब भरण्याआधी सळई तपासणी. त्यावरच्या भेटींचा दरही लिहा.

फीचे टप्पे दुसरीकडे अडकतात. शेवटचे 10-15 टक्के भोगवटा प्रमाणपत्राला बांधले की गेलेच समजा, कारण लोक प्रमाणपत्राआधीच राहायला जातात आणि नंतर त्या कागदाची त्यांना घाई नसते. ती रक्कम पूर्णत्वाचे नकाशे सुपूर्द करण्याला बांधावी. ‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द राहिले तर 3 लाखांच्या फीतून हातात 2,54,237 उरतात. उद्यम नोंदणी असेल तर बिलाची मुदत लेखी ठरवा. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे ती 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, उशीर झाला तर व्याज लागतं.

चौकट :
नवी_फर्म, हे सगळं माझ्या दोन पानांत बसतं, आणि बसवायलाच हवं. पण नकाशांवरच्या हक्काचं काय? मालक नकाशे घेऊन दुसऱ्याकडे जातो तेव्हा प्रत्येक नमुन्यातलं कॉपीराइटचं कलम मोठ्या भरवशाने दाखवलं जातं.

वकिली_नजर :
तो भरवसा पोकळ आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 59 सांगतं की बांधकाम सुरू झालं की ते थांबवण्याचा किंवा पाडण्याचा आदेश मिळत नाही. उरते फक्त पैशाची भरपाई. म्हणून कलमात हक्क सांगत बसण्यापेक्षा रक्कम सांगा: नकाशे वापरून काम पुढे न्यायचं असेल तर त्या टप्प्यापर्यंतची पूर्ण फी आणि वापराची अमुक रक्कम आधी चुकती करायची. याहून उपयोगाचं म्हणजे, पालिकेतल्या मंजुरीचे नकाशे सोडून बाकीची कार्यचित्रं (प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) टप्प्याची फी जमा झाल्यावरच द्यायची.

काही जण अमेरिकेतल्या आर्किटेक्ट संस्थेचा ए201 हा कराराच्या अटींचा नमुना उतरवून घेतात, ते तर सरळ धोक्याचं आहे. त्यात लिएनचे, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी ठेकेदार-पुरवठादारांना मालकाच्या मिळकतीवर मिळणाऱ्या हक्काचे, संदर्भ पदोपदी येतात. ती व्यवस्था आपल्याकडे नाही. अर्थ न लागणारं कलम वादात कोणाच्याही बाजूने वळवता येतं.

मोजवही :
चौकट, तुम्ही आता मुदतवाढ, मोजमाप, भावातल्या-बाहेरच्या बाबी, भेटींचा आकडा असं सगळं घेताय. दोन पानांची सहा झाली. मग संस्थेचा नमुना घेऊन त्याला चार पानांची विशेष अटींची पुरवणी जोडायला हरकत काय? ‘नमुना आणि पुरवणी यांत विसंगती आढळल्यास पुरवणी ग्राह्य’ एवढी ओळ घातली की झालं.

चौकट :
हरकत एवढीच की ठेकेदार पुरवणी वाचेल आणि नमुना वाचणार नाही. न वाचलेली पन्नास कलमं त्याच्यावर लादणं मला रास्त वाटत नाही. सहा पानं चालतील, पण सहाच्या सहा त्याच्यासमोर वाचलेली.

ठेकेकरी :
कागद कोणताही निवडा, एक गोष्ट त्यात घाला: झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी मोजायचं. पाया, सळई, वॉटरप्रूफिंगच्या खालचा थर, बाथरूमचे पाइप. मोजमापावर मालक किंवा आर्किटेक्ट आणि ठेकेदार यांची त्याच दिवशी सही. आर्किटेक्टला 48 तास आधी कळवायचं, तो आला नाही तर फोटो काढून काम पुढे न्यायचं. सळईचं वजन 8 मिमीला मीटरला 0.395 किलो, 12 ला 0.888 असं ठरलेल्या आकड्यानेच धरायचं, काट्यावरच्या पावतीने नाही. रोलिंगमधल्या फरकाचं (कारखान्यातून सळई ठरल्यापेक्षा जड किंवा हलकी निघते त्याचं) पुढे काय करायचं, तेही त्याच पानावर लिहा, नाहीतर शेवटच्या बिलाला तीच बाब पुन्हा उकरली जाते.