मदत हवी आहे : बंद दगडखाणीच्या मॅगझिनमधील खराब स्फोटकांची विल्हेवाट (पुणे)

नमस्कार.

वाघोलीच्या पुढे माझ्या काकांची दगडखाण होती. खाण बंद पडली, गेल्या वर्षी काकाही गेले, आणि मॅगझिनचा, म्हणजे स्फोटके ठेवण्याच्या खोलीचा, परवाना त्यांच्याच नावावर असल्यामुळे त्या कुलपाची जबाबदारी आता वारस म्हणून माझ्यावर आली आहे. काकांकडे वर्षानुवर्षे सुरुंग उडवणाऱ्या परवानाधारक ब्लास्टर मामांना सोबत घेऊन मी एकदाच दार उघडले. इमल्शन या स्फोटकाच्या कांड्यांचे खालचे खोके ओलीने मऊ पडले आहे, काही कांड्यांची वेष्टणे उकलून त्यांवर साखरेच्या बारीक खड्यांसारखी पांढरी पूड जमली आहे. मामांनी मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिले नाही. शेजारच्या खोलीत इलेक्ट्रिक केपाही, म्हणजे विजेवर उडून सुरुंग पेटवणारे डिटोनेटरही, आहेत.

पोलीस ठाण्यात लेखी खबर देऊन पोच घेतली आहे. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आणि त्याखालील नियम २००८ चे असून, खराब झालेला माल नष्ट करण्याआधी पेसोला, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय स्फोटक सुरक्षा यंत्रणेला, कळवावे लागते, एवढे मी वाचले आहे. इलेक्ट्रिक केपा जवळ बाळगण्यावरच १ एप्रिल २०२५ पासून बंदी आली आहे, त्यामुळे त्या कोणाला विकण्याचा प्रश्नच नाही. पुरवठादाराने माल परत घेण्यास साफ नकार दिला.

गावातले काही जण सांगतात, चर खणून पुरून टाका, नाहीतर डिझेल ओतून पेटवा. हे मी मुळीच करणार नाही. कांड्यांतले अमोनियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, आणि खाणीच्या उतारावरच्या विहिरीचे पाणी मजुरांची पंधरा-वीस कुटुंबे पितात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जाळायचे म्हटले, तर ढिगात चुकून राहिलेली एक केपसुद्धा माणसाचा हात नेऊ शकते, आणि कोंडलेला माल जळता जळता उडू शकतो.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष मार्गी लावले आहे त्यांना विचारतो : परवानाधारक मृत असताना पेसोकडे अर्ज वारसाने कोणत्या कागदपत्रांसह करावा? माल जागेवरच नष्ट केला जातो की दुसरीकडे नेतात, आणि नेत असल्यास स्फोटकांच्या परवानाधारक गाडीची व्यवस्था कोणी करायची? ओली खोकी आणि खोलीतली माती रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात घेतात का, की तीही स्फोटक म्हणूनच धरतात? काकांच्या साठा वहीतली शेवटची नोंद आणि आतला माल यांत दोन कांड्यांचा फरक दिसतो. तो अर्जात आपणहून लिहावा, असे मला वाटते. तसे लिहिल्याने अडचण येते का?

आणि एक तातडीचे. मॅगझिनची स्लॅब गळते आहे व पाऊस तोंडावर आला आहे. तोवर वरून ताडपत्री घालावी, की अधिकारी पाहणी करून जाईपर्यंत छपरावर कोणालाही चढू देऊ नये?