मदत हवी आहे: लहान मुलांसाठी बायबलकथा, चित्रं मात्र जगभरची

नमस्कार मंडळी. आमच्या संडे स्कूलमधल्या सहा ते नऊ वयाच्या मुलांसाठी सचित्र पुस्तक शोधतेय. बाजारात मिळतात त्यांत येशू हमखास गोरा, निळ्या डोळ्यांचा. मला वचनाशेजारी वेगवेगळ्या देशांतली अस्सल चित्रं हवीत: इथिओपियाच्या हस्तलिखितांतले टपोऱ्या डोळ्यांचे संत, मुघल दरबारातली लघुचित्रं, सादाओ वातानाबे यांची जपानी छापचित्रं (शेवटच्या भोजनाला शिष्य चक्क किमोनो घालून बसलेत!). आणि आपले अँजेलो द फोन्सेका तर हवेतच. गोव्यात जन्मले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, साडीतली मरिया रंगवली.

असं पुस्तक मराठीत कुणी पाहिलंय का? इंग्रजीतलं सुचवलंत तरी चालेल, मजकूर मी मराठीत वाचून दाखवेन. कार्टूनछाप मात्र नको, प्लीज.

नाहीच मिळालं तर वर्गापुरतं स्वतःच करीन म्हणते. पण फोन्सेका १९६७ साली गेले, म्हणजे आपल्या कायद्यानं कॉपीराइटची, मृत्यूनंतरची ६० वर्षं २०२७ अखेर भरतात. तोवर त्यांची चित्रं छापायची परवानगी कुणाकडे मागायची, हे माहीत असलेलं कुणी आहे का इथे?